जुनी मोटार म्हणजे भंगार नव्हे

महोदय,

पंधरा वर्षांवरील सगळ्याच मोटारी भंगारात काढाव्यात, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो पटला नाही. गाडीचे वय नव्हे, तिची स्थिती पाहावी. कायद्यातही १५ वर्षांनंतर तपासणीत पास झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जाही दिला. अडकल्या आहेत त्या मधल्या गाड्या. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून थेट ५,००० रुपये झाले.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९८४ ची अ‍ॅम्बेसेडर आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. कधी अडलीच तर गावातला मिस्त्री निंबाखाली बॉनेट उघडतो, ठिणगीसाठीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारतो आणि अर्ध्या तासात इंजिन बोलू लागते. नव्या गाडीत इशाऱ्याचा साधा दिवा लागला, तरी आम्हाला यवतमाळ गाठावे लागते. दसऱ्याला पहिला हार आजही अ‍ॅम्बेसेडरलाच चढतो. त्या चाकामागे बसलो की वडील शेजारी असल्यासारखे वाटते.

धूर आणि ब्रेक काटेकोर तपासा; नापास झाली तर ती आम्ही स्वतः रस्त्यावरून काढू. पण सणासुदीलाच बाहेर पडणाऱ्या अशा जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ची अट ५० ऐवजी ३० वर्षे करावी, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ