ज्या वॉर्डात फोन करायची भीती वाटते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रात्री अडीच वाजता रुग्णाचा रक्तदाब घसरू लागला, तर वॉर्डातली सिस्टर ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच फोन करते की अजून अर्धा तास वाट पाहते? खरे तर हे नाडी आणि रक्तदाबाच्या आकड्यांवरून ठरायला हवे. प्रत्यक्षात पुष्कळदा ते मागच्या फोनला काय ऐकून घ्यावे लागले, त्यावर ठरते. "एवढ्यासाठी उठवलं का?" हे वाक्य ज्या युनिटमध्ये एकदा ऐकू आले, तिथे पुढचा फोन उशिराच जातो. तो उशीर रुग्णाच्या जिवावर बेततो आणि केसपेपरवर त्याची कुठेही नोंद होत नाही.

मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांची रिक्त पदे, औषधांचा तुटवडा, एका खाटेवर दोन रुग्ण, या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात आणि त्या यायलाच हव्यात. आम्ही परिचर्या व वैद्यकीय शिक्षणात काम करणारी माणसे आहोत. कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्याविषयी लिहीत आहोत, कारण 'ज्याचा त्याचा स्वभाव' म्हणून हा विषय सोडून दिला जातो. आमच्या मते त्याची जागा हात धुण्याच्या आणि रक्तगट पडताळण्याच्या नियमांशेजारी आहे.

२०१५ मध्ये इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता कक्षांतील २४ गटांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अकाली जन्मलेल्या बाळाची प्रकृती अचानक बिघडते, असा सराव डॉक्टर-नर्सच्या या गटांना दिला होता. काही गटांना आधी एका परदेशी तज्ज्ञाचे, इस्रायलमधल्या वैद्यकीय दर्जाला कमी लेखणारे बोलणे ऐकवले. शिवी नव्हती, आरडाओरडा नव्हता. तरीही बाकीच्या गटांच्या तुलनेत त्यांचे निदान आणि हातातले काम, दोन्ही कच्चे पडले. कारण तपासताना दिसले की, माणसांनी एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी केले होते. आपल्याकडे तर राउंडला, रुग्ण आणि नातेवाइकांच्या देखत, याहून कितीतरी जड शब्द वापरले जातात.

रागाची उतरंड सगळ्यांना ठाऊक आहे. युनिट प्रमुख निवासी डॉक्टरवर ओरडतात, निवासी इंटर्नवर आणि सिस्टरवर, सिस्टर विद्यार्थिनीवर, आणि शेवटी सगळे मिळून मामा-मावशींवर, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांवर. कंत्राटी सफाई कामगाराला तर नावही नसते, "ए" एवढीच हाक असते. आडनाव विचारून वागणूक ठरवणारी माणसे अजून आहेत, हेही लिहायलाच हवे. आता प्रसूती कक्षात काय होते ते पाहा. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले की तो अतिरक्तस्राव. भिजलेले पॅड बदलणारी, चादर उचलणारी मावशी ते बहुधा सगळ्यात आधी पाहते. "तू तुझं काम कर" असे ज्या मावशीला ऐकवले आहे, ती दुसऱ्या वेळी सांगायला येत नाही.

आता फोनबद्दल, कारण सुधारणा तिथेच सर्वात लवकर होते. आणीबाणीचा फोन चार भागांत करायचा: आत्ता काय झाले, आधीची पार्श्वभूमी, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे. उदाहरणार्थ: "सर, प्रसूती वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड १४ च्या बाईंचा बीपी ८०/५०, नाडी १३०. सिझर होऊन चार तास झाले, दोन तासांत लघवी फक्त २० मिली. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता यावं." हे बोलायला अर्धा मिनिट लागतो. पहिले दोन भाग सगळे सांगतात. अडते ते तिसऱ्या-चौथ्यापाशी. "जरा बघता का सर, पेशंट बरा वाटत नाही" असे गुळमुळीत वाक्य निघते, कारण आपले मत मांडणे उद्धटपणा ठरेल याची धास्ती असते. झोपेतून उठलेल्या डॉक्टरला त्यातून काहीच बोध होत नाही आणि तो म्हणतो, "सलाइन चालू ठेवा."

फोन उचलणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ऐकलेले आकडे परत म्हणून दाखवायचे, किती मिनिटांत येतो ते सांगायचे. येणे शक्य नसेल, तर काय मोजत राहायचे आणि कोणत्या आकड्याला पुन्हा फोन करायचा, हे स्पष्ट सांगायचे. दहा मिनिटांत कोणी आले नाही, तर सिस्टरने वरिष्ठांना फोन करावा. त्यांनीही उचलला नाही तर पुढे कोणाला, हा क्रम नंबरांसह फोनशेजारी भिंतीवर हवा. "माझ्या डोक्यावरून फोन का केला?" हा प्रश्न विचारता येणार नाही, असा लेखी आदेश अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने निघाला पाहिजे. तोंडी आश्वासनावर कोणतीही सिस्टर हा धोका पत्करणार नाही, आणि तिने का पत्करावा? शिवाय चार्टवर दोन वेळा लिहाव्यात: बिघाड पहिल्यांदा दिसला ती आणि फोन केला ती. या दोहोंतले अंतर महिन्याअखेर इन्चार्ज सिस्टर व युनिट प्रमुखांनी एकत्र बसून पाहावे. ते जिथे जास्त असेल, तिथे फोन घेणारे कसे बोलतात याची चौकशी आधी करावी.

तोंडी ऑर्डर फक्त आणीबाणीत, आणि तीही ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवल्यावरच पक्की. डोस ग्रॅममध्ये, मिलिग्रॅममध्ये किंवा युनिटमध्ये सांगावा. 'एक अँप' (अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी) किंवा नुसते 'चार द्या' असे नको. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) देताना ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते. 'चार' म्हणजे चार ग्रॅम की चार मिली? मिली समजले तर निम्माच डोस जातो. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) असतात. ते पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींचे मिळते. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने १० युनिट म्हणून ओढले, तर रुग्णाच्या अंगात २५ युनिट जातात. असे काही हातून होण्याआधी, "सर, नक्की किती?" एवढे विचारणारा माणूस वॉर्डात बहुतेक वेळा हजर असतो. त्याला विचारायचे धाडस होते का, एवढाच प्रश्न असतो.

ड्युटी बदलताना ओव्हर देतात, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवतात, तिथेही माहिती गळते. टेबलाशी बसून, रजिस्टर समोर धरून "बाकी सगळे ठीक" असा ओव्हर दिला जातो. साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असताना प्रत्येक खाटेशी उभे राहून ओव्हर शक्य नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून निवड करावी: ऑक्सिजनवरचे, त्या दिवशी ऑपरेशन झालेले, रक्त चालू असलेले, झटके आलेले, आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास. या रुग्णांच्या खाटेशी दोन-तीन मिनिटे. काय चालू आहे आणि किती थेंबांनी, कोणता रिपोर्ट यायचा आहे, नातेवाईक रक्त आणायला कधी गेले, रात्री कशाची धास्ती आहे. आणि घेणाऱ्या सिस्टरने ते परत म्हणून दाखवायचे. निवासी डॉक्टरांच्या ओव्हरसाठी अशीच ठरावीक पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत वापरली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. पण इथे एक गोष्ट प्रशासनाने करायची आहे. दोन ड्युट्यांच्या वेळा एकमेकींवर निदान पंधरा मिनिटे चढल्या पाहिजेत आणि ती पंधरा मिनिटे ड्युटीतच धरली पाहिजेत. घरी जायची शेवटची एसटी पकडायची घाई असलेल्या सिस्टरकडून फुकटच्या वेळेत नीट ओव्हरची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

शस्त्रक्रियागृहाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीत, चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, असा एक मुद्दा आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आपल्याकडे अनेक ठिकाणी ऑपरेशन संपल्यावर एकाच पेनाने सगळ्या खुणा केल्या जातात. त्यापेक्षा ती यादी नसलेली बरी, निदान खोटा दिलासा तरी मिळणार नाही.

रेफरच्या वाटेवर हे दुखणे आणखी वाढते. किनवट-माहूरहून नांदेडला, उमरगा-लोहाऱ्याहून लातूरला, सोयगावहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रुग्ण पोहोचतो तेव्हा चिठ्ठीवर अनेकदा एकच ओळ असते: पुढील उपचारांसाठी रवाना. सर्पदंशाच्या रुग्णासोबत दंशाची वेळ, प्रतिसर्पविषाच्या किती बाटल्या दिल्या आणि कधी सुरू केल्या, रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी किती वाजता केली व काय आले, हे लिहिलेले हवे; पुढची मात्रा आणि सहा तासांनी करायची फेरचाचणी त्यावर ठरते. फवारणीचे औषध प्यायलेल्याच्या चिठ्ठीवर अॅट्रोपिन हा उतारा एकूण किती आणि शेवटचे कधी दिले, हे हवे. १०८ ची गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करायलाच हवा. पण तो का होत नाही, हेही पाहावे. "तुम्हाला एवढंही जमत नाही का, सगळं आमच्याकडेच ढकलता" असे उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला मिळाले की पुढचा रुग्ण फोन न करताच गाडीत घातला जातो. मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांसमोर "आधीच्यांनी वाट लावली" असे म्हणणारे डॉक्टर गावातल्या केंद्रावरचा विश्वास तर घालवतातच, पुढच्या मारहाणीलाही निमित्त पुरवतात. उपचारात खरोखर चूक दिसली, तर त्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करून सांगावे. तो त्यातून शिकेल.

नातेवाइकांशी बोलणे हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे, तरी दोन गोष्टी. रोज ठरलेल्या वेळी, एकाच डॉक्टरने, घरच्या एका ठरलेल्या माणसाला बसवून सांगावे आणि "आता मला सांगा, तुम्हाला काय समजलं" असे विचारावे. "सिरियस आहे, सही करा" याला समजावणे म्हणत नाहीत. देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहरांत दखनी उर्दू. ती भाषा येणारा कर्मचारी बहुधा त्याच इमारतीत असतो, त्याला बोलवावे. दुसरे म्हणजे, हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तो वापरलाच पाहिजे. पण तो कामाला येतो हल्ला झाल्यावर.

वरून येणाऱ्या अपमानाचे काय? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्यावर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह झाडायला लावले. त्यावर गुन्हाही नोंदला गेला. लोकांचा संताप आम्ही समजू शकतो, चौकशी व्हायलाच हवी होती. पण संस्थेच्या प्रमुखाला कॅमेऱ्यासमोर असे वागवले की खालची दहा माणसे उणिवा सांगायच्या ऐवजी लपवू लागतात.

"माणसंच नाहीत, सौजन्याला वेळ कुठून आणायचा?" हा आक्षेप प्रामाणिक आहे. निवासी डॉक्टरांचे सलग काम सहसा १२ तासांपेक्षा जास्त असू नये, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिलेले आहे. छत्तीस तास जागलेल्या माणसाकडून शांत स्वराची अपेक्षा धरता येत नाही. पदे भराच. तोपर्यंत मात्र, आहे त्या माणसांतही अर्धवट ऐकलेली ऑर्डर, परत काढावे लागलेले रक्त, दुसऱ्यांदा मारलेली रक्तपेढीची फेरी यांत जाणारा वेळ वाचवता येतो. चूक दाखवायची असेल तर त्याच दिवशी, बाजूला घेऊन, कामाबद्दल बोलावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती दुसऱ्या विभागातली असावी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावावीत, आणि कंत्राटी महिला व विद्यार्थिनींनाही तिथे दाद मागता येते हे त्यांना सांगावे.

शेवटची विनंती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि आपल्या विभागातल्या महाविद्यालयांना आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला. पण डॉक्टर संवाद एका इमारतीत शिकतात, परिचारिका दुसऱ्या, आणि दोघांची गाठ पडते ती थेट रात्रपाळीला. इंटर्नशिप सुरू होते त्याच आठवड्यात इंटर्न, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि प्रसूती कक्षातल्या मावशी यांचा झटक्यांच्या रुग्णावरचा एकत्र सराव ठेवावा. वीस मिनिटे सराव, वीस मिनिटे चर्चा, आणि चर्चेत पहिले बोलणे मावशीचे. लागणारा पुतळा महाविद्यालयाच्या स्किल लॅबमध्ये असतो.

आपले,
मराठवाड्यातील काही परिचर्या व वैद्यकीय शिक्षक