फ्रिजवरचं पाकीट

एडिसन, न्यू जर्सी
11 नोव्हेंबर 2025

प्रिय सुनील,

परवा फोनवर आरोग्य विम्याच्या सक्तीवरून तू चिडलास, मीही आवाज चढवला. तिकडे रात्र झाली होती म्हणून विषय तसाच सोडला, पण मनातून जाईना. म्हणून लिहायला बसलोय.

"विमा घ्यायचा की नाही ते माझं मी बघीन. उद्या सरकार म्हणेल रोज कारलं खा, तब्येतीला चांगलं असतं!" असं म्हणालास ना? अरे, इथल्या सर्वोच्च न्यायालयात मार्च 2012 मध्ये हेच निघालं होतं. ओबामांच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा होणार होता. न्यायमूर्ती स्कालियांनी सरकारी वकिलाला विचारलं, मग लोकांना ब्रोकोलीही घ्यायला लावाल का? मी गाडीत रेडिओवर ती बातमी ऐकली आणि मला ते शंभर टक्के पटलं.

त्याच महिनाअखेरीला माझी नोकरी गेली. तुला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं.

नोकरीबरोबर विमाही जातो. जुन्या कंपनीचाच विमा काही काळ चालू ठेवता येतो, कोब्रा म्हणतात त्याला, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा. आम्हा तिघांचे महिन्याला तेराशे डॉलर होत होते. फॉर्मचं पाकीट आलं ते मी फ्रिजवर टाकून ठेवलं. कारण त्यात एक सोय होती. होकार कळवायला 60 दिवस मिळतात, आणि मागचे पैसे नंतर भरले तरी विमा पहिल्या दिवसापासून लागू धरतात. म्हणजे कुणी आजारी पडलंच तर भरायचे, नाही पडलं तर तेवढे वाचले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ईशाचं पोट दुखायला लागलं. सहा वर्षांची होती. संध्याकाळपर्यंत उजवा पाय पोटाशी घेऊन नुसती कण्हत पडली. इमर्जन्सीत नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं कार्ड मागितलं, मी "आत्ता नाही" म्हणालो. एक अक्षर न बोलता त्यांनी ईशाच्या मनगटावर नावाची पट्टी बांधली. 1986 पासून इथे कायदाच आहे, इमर्जन्सीत आलेल्याला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासायचं आणि धोक्यातून बाहेर काढायचं. रात्री दोनला अपेंडिक्स काढलं. सकाळी घरी आलो, अंघोळही न करता पाकीट फोडलं, फॉर्म भरला, एप्रिलचा चेक जोडला. बिल झालं एकोणतीस हजारांच्या वर. माझे गेले तेराशे, आणि वर थोडेफार.

बाकीचे कुणी दिले, सुनील? ज्यांच्या पगारातून दर पंधरवड्याला विम्याचे पैसे कापले जात होते, त्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी. माझ्या शेजारच्या टेबलावर एक साठीला आलेले गृहस्थ बसायचे. वीसेक वर्षं भरत होते, कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. पुढे एकदा भाजीच्या दुकानात भेटले आणि आधी ईशाची चौकशी केली. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. कायदा मी मोडला नव्हता. पण सगळ्यांनीच माझ्यासारखं पाकीट फ्रिजवर ठेवलं असतं, तर त्या रात्रीसाठी पैसे आले कुठून असते?

न्यू जर्सीने ते मोठ्या प्रमाणावर अनुभवलंय. 1993 मध्ये इथे नियम आला की स्वतःचा विमा घेणाऱ्याला, कसलाही आजार असो, कंपनीने नाही म्हणायचं नाही, आजारापायी जादा पैसेही लावायचे नाहीत. फार चांगला नियम. पण घेण्याची सक्ती नव्हती. आजारी होते ते आत आले, धडधाकट बाहेर थांबले. हप्ता चढला, तशी आणखी धडधाकट माणसं सोडून गेली. काही वर्षांत विमाधारक निम्म्याहून कमी उरले.

ओबामांची सक्ती जून 2012 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी टिकली. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स म्हणाले, खरेदीचा हुकूम म्हणून नाही, कर म्हणून चालेल. 2016 मध्ये विमा नसला तर माणशी 695 डॉलर किंवा उत्पन्नाचे अडीच टक्के, जे जास्त असेल ते भरावं लागे. 2019 पासून केंद्राने दंड शून्य केला, आणि न्यू जर्सीने त्याच वर्षी आपला स्वतःचा लावला. मला तो बरोबर वाटतो. मात्र हप्त्याला मिळणारं वाढीव अनुदान या डिसेंबरअखेर संपायचंय. ज्याला हप्ताच झेपत नाही त्याला वर दंड, हे मला सहन होत नाही.

आता तुझं. शिरोलीच्या फौंड्रीत तू स्वतःच सक्ती राबवतोस की! 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या पोरांचा पाऊण टक्का कापतोस, सव्वातीन टक्के पदरचे घालतोस. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, कायदा 1948 मध्ये झाला. तिथे कुणाला शुगर आहे का विचारत नाहीत. तुझ्या मोल्डरच्या बायकोचं ऑपरेशन त्यातच झालं, हे तूच सांगितलंस.

आणि वहिनींना मात्र शुगर आहे म्हणून विमा कंपनीने नाकारलं. इथे तुझा राग मला पुरता पटतो. घेतलाच कुणी, तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, बरं झालं, पण ज्यांना पॉलिसीच मिळत नाही त्यांचं काय? कंपनीला नाही म्हणायची मोकळीक आणि आपल्याला घ्यायची सक्ती, असं कुणी आणलं तर मी तुझ्याबरोबर मोर्चात येईन. आधी कंपन्यांना बांधा, गरिबाचा हप्ता सरकारने भरा, मग सक्ती करा.

वहिनींचं नकाराचं पत्र मला पाठव, कारण काय लिहिलंय ते बघू. दुसरीकडे अर्ज करताना शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी नेमकं तेच बाहेर काढतात. काकूंची सत्तरी झाली ना? त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसशील तर या आठवड्यात आधार घेऊन जा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात.

20 डिसेंबरला पोचतोय. ईशाही येतेय, तिला तुझी भट्टी बघायचीय. उरलेलं भांडण तिथे.

तुझा,
अवि