बदलीचे आदेश आणि किलीनचे घर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

बदलीचे आदेश आल्याचे सांगताना घर विकावे की भाड्याने द्यावे, असे तू विचारलेस. फोनवर अशी बोलणी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: घर विकून टाक, पण विकताना त्या घरापेक्षा त्यावरचे कर्ज अधिक मोलाचे आहे, हे ध्यानात ठेव.

टेक्सासात बाजार मंद आहे हे खरेच, परंतु फोर्ट हूडसारख्या लष्करी तळाभोवती त्या मंदीला आणखी एक पदर असतो. बदल्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. मुलांच्या शाळा संपल्या की एकाच गल्लीत विक्रीच्या चार पाट्या लागतात आणि त्या चौघांनाही नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख गाठायची असते. त्यातच तळालगतच्या किलीन गावाच्या कडेला बिल्डर नवी घरे बांधत असतात. बिल्डर किंमत न उतरवता गिऱ्हाइकाचा व्याजदर कमी करून देतो, क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याचा, खर्च उचलतो. एकट्या नोकरदाराला तसे करणे परवडत नाही. म्हणून शेजाऱ्याने किती मागितले यावरून किंमत ठरवू नकोस. टेक्सासात विक्रीचे आकडे सरकारदरबारी जाहीर करावे लागत नाहीत, त्यामुळे इंटरनेटवर दिसणारे अंदाज तिथे विशेष कच्चे असतात. गेल्या तीन महिन्यांत आसपासची घरे प्रत्यक्षात कितीला गेली आणि मालकाने वर किती सवलत दिली, हे एजंटकडून लेखी मागून घे.

आता तुझ्या हिशेबाकडे येतो. 2021च्या अखेरीस तू व्हीए लोनवर, म्हणजे आजी-माजी सैनिकांसाठी सरकारी हमी असलेल्या कर्जावर, हातचे काही न घालता घर घेतलेस. तेव्हा पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला 2.3 टक्के फंडिंग फी, म्हणजे त्या हमीचे शुल्क, होती आणि तू ती कर्जातच मिळवलीस. म्हणजे पहिल्याच दिवशी घराच्या किमतीपेक्षा देणे जास्त होते. त्यानंतर तू बरेच मुद्दल फेडलेस, पण एजंटचे कमिशन, टायटलचा, म्हणजे मालकीहक्काच्या कागदांचा, खर्च आणि गिऱ्हाइकाला द्यावी लागणारी सूट वजा केली, तर हाती जवळजवळ काहीच उरणार नाही, कदाचित थोडी पदरमोडही करावी लागेल. याचे मनाला लावून घेऊ नकोस. तिथल्या अनेक कुटुंबांची हीच गत आहे, आणि काही कमी पडले तर मी आहे.

मात्र याच अडचणीत तुझी सोय दडली आहे. व्हीए लोन दुसऱ्याच्या नावावर आहे त्याच व्याजदराने करता येते. तुझा दर 3 टक्के आहे आणि आज बाजारात तो त्याहून बराच जास्त आहे. तीस वर्षांच्या कर्जात दर एक लाख डॉलरमागे 3 टक्क्यांनी महिन्याला सुमारे 422 डॉलर हप्ता पडतो, साडेसहा टक्क्यांनी 632. हा फरक कोणत्याही नव्या स्वयंपाकघरापेक्षा गिऱ्हाइकाला लवकर पटतो. एरवी असे कर्ज घेणाऱ्यापुढे अडचण असते ती विक्रीची किंमत आणि शिल्लक कर्ज यांतला फरक रोख आणण्याची. किमती वर गेलेल्या गावात तो फरक लाखाच्या घरात जातो. तुझ्याकडे तो थोडकाच आहे, म्हणून तुझे घर या मार्गाने विकण्यास सोयीचे आहे. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत व्याजदर लिहायला एजंटला सांग.

यात दोन गोष्टींबाबत कोणाच्याही शब्दावर विसंबू नकोस. पहिली म्हणजे कर्जदात्याकडून जबाबदारीतून मुक्त केल्याचे, रिलीज ऑफ लायबिलिटीचे, पत्र हाती आल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. नाहीतर उद्या त्या माणसाचे हप्ते थकले तर ते तुझ्या माथी येतील. दुसरी गोष्ट तुझ्या एन्टायटलमेंटची, म्हणजे व्हीएच्या हमीवर कर्ज घेण्याच्या हक्काची. घेणारा व्हीएला पात्र नसला तरी कर्ज घेऊ शकतो, पण मग त्या कर्जात गुंतलेला तुझा हक्क ते फिटेपर्यंत अडकून राहतो आणि पुढच्या ठिकाणी घर घेताना हात आखडतात. घेणारा पात्र सैनिक असेल, तिथे स्वतः राहणार असेल आणि आपला हक्क त्या जागी लावायला तयार असेल, तर तुझा हक्क मोकळा होतो. असे गिऱ्हाईक मिळायला फोर्ट हूडच्या दारापेक्षा चांगली जागा कोणती? थोडी कमी किंमत आली तरी त्यालाच प्राधान्य दे. ही प्रक्रिया रेंगाळते, तेव्हा आजच कर्जदात्याला फोन करून कागद मागव.

नेहमीच्या पद्धतीने विकायची वेळ आली आणि गिऱ्हाईक नवे व्हीए लोन घेणार असेल, तर मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी येण्याची शक्यता धरून चाल. तसे दिसू लागले की मूल्यांकन करणारा आधी कळवतो आणि जवळपासच्या विक्रींचे दाखले द्यायला दोन कामाचे दिवस मिळतात. ते दाखले एजंटजवळ तयार असले पाहिजेत.

घराविषयी जे आहे ते गिऱ्हाइकाला द्यायच्या माहितीच्या फॉर्मवर लिही. रात्री तोफखान्याच्या सरावाने खिडक्यांच्या काचा थरथरतात, हे तिथे राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लष्करी तळाच्या आवाजाबद्दलची सूचना टेक्सासच्या विक्रीच्या कागदांत असतेच. बेडरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मात्र मला अधिक खटकते. तिच्यावर नुसता रंग मारू नकोस. पायाची तपासणी इंजिनिअरकडून आधीच करून अहवाल हाताशी ठेव, कारण ऑप्शन पीरियडमध्ये, म्हणजे करारानंतरच्या ठरावीक दिवसांत, गिऱ्हाइकाला कारण न देता माघार घेता येते आणि अशी न सांगितलेली भेग त्याला नेमके तेच निमित्त देते.

भाड्याचा विचार मी का सोडून दिला, तेही सांगतो. तिथले भाडे घरभत्त्याच्या, म्हणजे बीएएचच्या, आसपास घुटमळते. ब्रिगेड परदेशी गेली की कित्येक कुटुंबे माहेरी जातात आणि घरे रिकामी पडतात. तू स्वतः राहत नसलास की होमस्टेडची, म्हणजे राहत्या घराला मिळणारी, मालमत्ता करातली सवलत सहसा जाते, आणि टेक्सासचा मालमत्ता कर हलका नाही. दोन हजार मैलांवरून एसी दुरुस्त करून घेताना सूनबाईंची किती ओढाताण होईल, तेही बघ. राहत्या घराच्या विक्रीत आलेला तोटा करातून वजा होत नाही, तेव्हा तो हिशेबात धरू नकोस. बदली झालेल्यांना सरकार घराचा तोटा भरून देते असे कोणी सांगेल. 2009च्या मंदीत ती योजना तशी वाढवली होती, पण ती मुदत केव्हाच संपली आहे.

क्लोजिंगआधीच निघावे लागले तर सह्यांसाठी मुखत्यारपत्र लागेल. तळावरच्या लीगल ऑफिसात ते विनाशुल्क करून मिळते. ते सूनबाईंच्या नावाने, याच घरापुरते कर आणि त्याचा मसुदा कर्जदाता व टायटल कंपनी यांना आधी दाखव. घर रिकामे राहणार असेल तर विम्याची पॉलिसीही वाचून घे, कारण घर महिना-दोन महिने बंद राहिले की बहुतेक पॉलिसींचे संरक्षण कमी होते.

आदेशाची प्रत आणि शिल्लक कर्जाचा ताजा आकडा मला या शनिवारपर्यंत पाठव. रविवारी तू, मी आणि सूनबाई मिळून किमान किंमत ठरवू आणि सोमवारी एजंटला कळवू.

तुझे
बाबा