समुद्रातले जिवाणू प्लेटवरून पुढे जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सागरी जिवाणूंपासून नवे अँटिबायोटिक मिळण्याच्या शक्यतेविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. अशा विषयाला इतकी जागा दिलीत याचे मनापासून समाधान वाटले. मी उभी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चर लावण्यात घालवली, म्हणून चार शब्द लिहितो.

रुग्णाच्या लघवीतला किंवा पुवातला जिवाणू अगारच्या प्लेटवर, म्हणजे जिवाणूंचे खाद्य घातलेल्या जेलीच्या थाळीवर, पसरायचा, त्यावर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर प्लेट इन्क्युबेटरमध्ये सोडायची, हे आमचे रोजचे काम. सकाळी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले की ते औषध लागू पडण्याची आशा. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक चकत्यांभोवती अशी वर्तुळे असत. पुढेपुढे जिवाणूंचा थर प्रत्येक चकतीच्या कडेला जाऊन भिडलेल्या प्लेट हाती येऊ लागल्या. रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘रेझिस्टंट’. हे फोनवर सांगितले की पलीकडचे डॉक्टर क्षणभर गप्प होत. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. तो आकडा वाचताना मला त्या प्लेट आठवतात.

आपल्या बातमीतून समुद्राकडे आत्ताच कोणाचे तरी लक्ष गेले, असा समज होतो. तसे नाही. 1966 मध्येच शास्त्रज्ञ पॉल बर्कहोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तो रिकोजवळच्या सागरी गवतावरच्या एका जिवाणूतून जिवाणूनाशक पदार्थ वेगळा केला होता. त्याच्या रेणूच्या वजनात सत्तर टक्क्यांहून जास्त ब्रोमीन! जमिनीवरच्या जिवाणूंत असे सहसा आढळत नाही. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीन असते, ते हा जिवाणू वापरतो. तो पदार्थ औषध झाला नाही. पण समुद्रात वेगळीच रसायने तयार होतात, हे तेव्हाच कळले होते.

मग इतकी वर्षे का गेली? एक कारण तर आमच्याच धंद्यातले आहे. स्ट्रेप्टोमायसिनसारखी कितीतरी औषधे मातीतल्या ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंनी दिली. हेच जिवाणू समुद्राच्या गाळात सापडत, तेव्हा जमिनीवरून वाहून आलेले बीजाणू म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होई. विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन या शास्त्रज्ञांनी गाळातले नमुने समुद्राच्याच पाण्यात बनवलेल्या माध्यमावर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या खाद्यावर, वाढवले आणि ‘सॅलिनिस्पोरा’ हा खरा समुद्रवासी जिवाणू हाती लागला. साध्या पाण्याच्या माध्यमावर तो वाढतच नाही! माध्यम कशात कालवायचे, एवढ्या बारीकशा गोष्टीने एक अख्खा वंश नजरेआड राहिला होता. त्याच्या एका प्रजातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, 2007 मध्ये वाचला गेला, तेव्हा जवळजवळ दहा टक्के भाग अशी रसायने बनवण्याच्या कामी असल्याचे दिसले. अनेक सागरी जिवाणू तर प्रयोगशाळेत अजून वाढवताच आलेले नाहीत.

जपानच्या समुद्रात 289 मीटर खोलीवरच्या गाळातल्या जिवाणूने दिलेले ‘ॲबिसोमायसिन’ मला फार मोलाचे वाटते. जिवाणूला फॉलिक आम्ल स्वतः बनवावे लागते, माणूस ते अन्नातून घेतो. हा पदार्थ नेमका जिवाणूच्या त्या कामात अडथळा आणतो. ही माहिती 2004 च्या सुमाराची. रुग्णाला देता येईल असे औषध त्यातून अद्याप आलेले नाही.

माझे खरे सांगणे इथे आहे. नवे पदार्थ सापडत आहेत, वाट पुढे अडते. जिवाणू तो पदार्थ इतका थोडा बनवतो की चाचण्यांपुरताही जमवताना वर्षे जातात. काही पदार्थ माणसाच्या पेशींनाही मारतात. या दोन्हींवर शास्त्रज्ञ मार्ग काढतील. पैशाचे काय? नवे अँटिबायोटिक राखून ठेवायचे, दुसरे काही चालत नसेल तेव्हाच द्यायचे, हे बरोबरच आहे. पण कंपनीची कमाई खपावर असते. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला 2018 मध्ये मान्यता मिळाली आणि 2019 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. औषध चांगले होते! ब्रिटनने 2022 मध्ये वेगळी रीत सुरू केली: दोन अँटिबायोटिकसाठी, ती किती वापरली गेली हे न पाहता, वर्षाला प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम. हा मार्ग इतर सरकारांनीही धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तसे झाले नाही तर समुद्रातून आणलेले जिवाणू फ्रीझरमधल्या नळ्यांतच राहतील.

आपल्याकडे एक विनंती आहे. अशी बातमी देताना तो पदार्थ कुठवर पोहोचला आहे, प्लेटवर, उंदरांवर की माणसांवर, हे एका ओळीत जरूर लिहावे. आणि वर्षभराने तीच बातमी पुन्हा हाती घेऊन, पुढे काय झाले ते छापावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ