फळ्यावरचा ळ

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फारशी बोलली नाहीस. "जेवलीस का?" विचारलं, तर "शाळेतच जेवले, मुलांबरोबर" एवढंच. तिकडे जपानात घड्याळ साडेतीन तास पुढे, दमली असशील म्हणून मीही ताणलं नाही. रात्री मात्र तुझा मेसेज वाचला आणि झोप उडाली. "आई, मी इथे इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका कसली, नुसता टेपरेकॉर्डर आहे. सर सांगतात, मी वाचते, मुलं मागून म्हणतात, संपलं." वर कुणा पालकाने विचारलं म्हणे, ही भारतातली, मग हिचं इंग्रजी अस्सल आहे का?

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण राग ओसरल्यावर वाटलं, याचं उत्तर तुझ्याजवळच आहे. इंग्रजी तुझी मातृभाषा नाही, हे त्या मुलांपासून लपवू नकोस. उलट आपणहून सांग.

2000 साली आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी झेडपीच्या शाळेत होते. मी स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकले, तेही व्याकरणाचं. बोलायची सवय शून्य. रोज रात्री आरशासमोर दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायचे. तू तेव्हा पाळण्यात होतीस. कितीतरी दिवस मला वाटायचं की माझी चोरी कधीतरी पकडली जाणार.

त्याच सुमारास वीटभट्टीवरचा एक मुलगा वर्गात आला. बिहारचा. त्याला ळ यायचा नाही. फळ्याला 'फला' म्हणायचा, बाळूला 'बालू', आणि पोरं हसायची. मी त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवलं, तोंड उघडून दाखवलं. जीभ मागे वळव, टाळूला लाव, आता सोड. आठ-दहा दिवस गेले. मग एकदा तो उठून फळ्याजवळ गेला, डस्टर उचललं आणि कुणीही न सांगता म्हणाला, "बाई, फळा पुसू?" वर्ग गप्प झाला. मला आजही तो ळ ऐकू येतो.

तुझ्या वर्गातल्या मुलांचा र आणि ल यांचा गोंधळ तसाच आहे गं. त्यांच्या भाषेत त्या दोहोंच्या मधला एकच आवाज, मग 'राइट' आणि 'लाइट' त्यांना वेगळे ऐकू कसे येणार? हा आळस नव्हे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला जीभ कुठे ठेवायची हे सांगता येईलच असं नाही, त्याने त्याचा कधी विचारच केलेला नसतो. तू केला आहेस. ल म्हणताना जीभ दातांमागे टेकते, इंग्रजी र म्हणताना कुठेच टेकत नाही. हाताचा पंजा जिभेसारखा वळवून दाखव. त्यांना आधी ळ म्हणायला लाव, भरपूर हसू देत. बाईंची भाषा आपल्यालाही जमत नाही, शिकावी लागते, हे कळलं की चुकायची भीती निम्मी होते. शब्दाच्या शेवटी स्वर लावून 'डेस्कु' म्हणतात, त्यावर लगेच टोकू नकोस. आपणही इंग्रजी शब्द आपल्या वळणाचे करून घेतलेच ना.

सरांवर रागावू नकोस. तिथे प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला 2020 मध्ये, वर्षाला 70 तासिका. कित्येक शाळांत वर्गशिक्षकांनाच तो शिकवावा लागतो, आणि त्यांच्यातल्या कितीकांची अवस्था माझ्या 2000 सालासारखी असेल. तुझ्यासमोर आपली चूक निघेल म्हणून ते तुला वाचायला लावून मोकळे होत असतील. तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी त्यांना गाठ. "मी एक छोटा खेळ आणलाय, पाच मिनिटं द्याल का?" असं विचार. पाचच माग, जास्त नको. आणि खरी शिकवणी जेवताना होते. पोरं स्वतः वाढतात, एकत्र बसून जेवतात म्हणालीस ना, त्या टेबलावर तुझ्या हातात पुस्तक नसतं. तिथे विचारलेला एक प्रश्न दहा वेळा वाचून घेतलेल्या वाक्याला भारी आहे. दुपारी मुलं वर्ग झाडतात, पुसतात, तेव्हा तूही फडकं घे.

त्या पालकाला उत्तर देत बसू नकोस. त्याचं मूल घरी जाऊन काय बोलतं ते त्याला ऐकू येईल.

रविवारी बाबांना घेऊन सिंहगड रोडच्या बागेत गेले होते. ती तुमच्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केली आहे, हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. तळ्याकाठी बसून म्हणाले, "पोरगी खऱ्या बागेजवळ आहे आणि आपण नकलेजवळ." मग बराच वेळ मासे बघत बसले. सुट्टीच्या दिवशी जा आणि पुलावरून तळ्याचा एक फोटो पाठव, त्यांना दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आहेत.

थंडी वाढली असेल. कानटोपी पेटीत खालच्या बाजूला आहे.

तुझी,
आई