चित्रनळीच्या टीव्हीला नवा संगणक : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेल्या तुझ्या छोट्या संगणकाला फक्त एचडीएमआयची, म्हणजे नव्या टीव्हीला एकाच तारेतून चित्र आणि आवाज देणारी, जागा आहे, जुन्या टीव्हीच्या पाठीमागे मात्र पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन गोल जॅक आहेत, आणि या दोहोंची गाठ घालून देणारी एखादी तार मिळते का, असे तू विचारले आहेस. तार मिळते, पण तिचा उपयोग होत नाही. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली तशी तार मीही हौसेने आणली होती आणि एक अख्खी संध्याकाळ काळ्या पडद्यासमोर बसून ती काढण्या-घालण्यात दवडली होती. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात बाहेर पडते, तर पिवळ्या जॅकला सतत चढउतार होत राहणारा विद्युतदाब हवा असतो. एकाचे दुसरे करायचे तर नुसते तांबे पुरत नाही, मध्ये सर्किट लागते आणि त्या सर्किटला वीज लागते. म्हणून तार न घेता कन्व्हर्टरची डबी घे, आणि तिला वीज पुरवण्यासाठी यूएसबीची वेगळी जागा आहे ना, हे आधी पाहा.

घेण्यापूर्वी टीव्हीच्या मागे एकदा विजेरी घेऊन नीट बघ. चार बारीक छिद्रांचा छोटा गोल जॅक असेल तर तो एस-व्हिडिओ; त्यात उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळ्या तारांतून जाते. पिवळ्या जॅकमध्ये ती एकाच तारेतून एकत्र जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. गडद रंगांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात, ते त्यामुळेच. हिरवा, निळा आणि लाल असे तीन जॅक चित्रासाठीच दिलेले असतील, तर तू भाग्यवान आहेस, कारण ती सोय एस-व्हिडिओपेक्षाही सरस असते. यांतले काहीच नसेल, तर पिवळ्यावर भागव. माझेही त्यावरच भागले आहे.

कन्व्हर्टरच्या अंगावर पाल आणि एनटीएससी (टीव्हीचे चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती) असे लिहिलेली एक बारीकशी कळ असते, तिच्याकडे मी पहिल्यांदा लक्षच दिले नव्हते. चित्र कृष्णधवल आले, मधूनमधून वर सरकू लागले, आणि बिचाऱ्या चित्रनळीचे आयुष्य संपत आले, अशी मी समजूत करून घेतली. दोष कळीचा होता. पाल पद्धतीत ६२५ ओळी असतात, त्यांपैकी ५७६ चित्राच्या, आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे प्रत्येकी दोन अर्ध्या हप्त्यांत, म्हणजे ५० वेळा रंगवली जातात. एनटीएससीत ओळी ५२५, चित्राच्या सुमारे ४८० आणि हप्ते सुमारे ६०. रंगाची माहिती वाहून नेणारी लहरही दोन्हींत निराळी, म्हणून केवळ पाल जाणणारा टीव्ही एनटीएससीचे चित्र दाखवतो, पण त्याला त्यातले रंग ओळखता येत नाहीत. तुझा टीव्ही पालचा आहे, तेव्हा कळ पालवर ठेव.

इथवर आलास की चित्र दिसेल, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. मग माणसे लांबुडकी दिसतात, अक्षरे वाचवत नाहीत, कॅमेरा फिरला की दृश्य अडखळते आणि दोष जुन्या टीव्हीच्या माथी मारला जातो. माझ्या मते सगळी गोम पुढेच आहे. संगणकाने १०८० ओळींचे, ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० चित्रे), १६:९ आकाराचे (रुंदी १६ तर उंची ९) चित्र पाठवायचे आणि त्या स्वस्तातल्या डबीने ते घाईघाईने ५७६ ओळींत, ५० हप्त्यांत आणि ४:३ च्या चौकटीत कोंबायचे, ही व्यवस्थाच चुकीची आहे. ही कामे संगणक कितीतरी नीट करतो, तेव्हा ती त्यालाच सांगावीत. त्याच्या सेटिंगमध्ये ७२० × ५७६ हे रिझोल्यूशन आणि ५० हर्ट्झ निवड. डबीला ओळी मोडाव्या-जोडाव्या लागत नाहीत, त्या फक्त आळीपाळीने टीव्हीकडे द्याव्या लागतात. ६० हर्ट्झ ठेवलेस, तर ५० च्या टीव्हीसाठी डबीला दर सेकंदाला १० चित्रे गाळावी लागतील. ५७६ चा पर्याय यादीत दिसला नाही, तर निदान ७२० ओळी आणि ५० हर्ट्झ तरी मिळतात का ते पाहा.

आता आकार आणि कडा. चित्रनळीचा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या काचेच्या चौकटीआड दडवतो. प्रसारणासाठी ते सोयीचे होते, पण संगणकाचा खालचा पट्टा त्यात पार गडप होतो. चित्रपट दाखवणारा कोडी हा प्रोग्राम वापर. २०१४ पर्यंत त्याचे नाव एक्सबीएमसी होते आणि त्याचा जन्म एक्सबॉक्स या खेळयंत्रावर झाला, म्हणजे असल्याच टीव्हींच्या काळात. त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे पडदा जुळवण्याच्या सोयीत, डावा-वरचा आणि उजवा-खालचा कोपरा काचेच्या आत ओढून घेता येतो, उपशीर्षकांची जागा ठरवता येते, आणि शेवटी एक चौकोन दिसतो, तो खरोखर चौरस होईपर्यंत जुळवायचा असतो. डोळ्यांवर विसंबू नकोस, काचेवर मोजपट्टी लाव. चौरस जमला की चेहरे आपोआप सरळ होतात. रुंद, १६:९ च्या चित्रपटाच्या वर-खाली काळे पट्टे मात्र येणारच, आणि चित्राला ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतील, याची मनाची तयारी ठेव. बारीक आडव्या रेघा थरथरतात, म्हणून मेनूची अक्षरे मोठी ठेव.

आवाजाचे थोडक्यात: संगणकात दोन वाहिन्यांचा स्टिरिओ निवड आणि डॉल्बी, डीटीएस हे अनेक वाहिन्यांचे आवाज जसेच्या तसे पुढे पाठवण्याचा पर्याय बंद कर, कारण डबीला ते उलगडत नाहीत. पांढरी पिन डावीकडची, लाल उजवीकडची. पैसे भरून पाहायच्या काही सेवा मात्र नकलेच्या भीतीने अशा डबीला चित्रच देत नाहीत, आणि त्यावर सरळ इलाज नाही. आपल्याजवळच्या फायली निर्धास्त चालतात.

आधी टीव्ही आणि डबी चालू कर, मग संगणक. उलट केलेस, तर समोर पडदाच नाही असे समजून तो भलतेच रिझोल्यूशन धरून बसतो. आणि काही अडले, तरी टीव्हीचे मागचे झाकण उघडू नकोस, बंद केल्यावरही चित्रनळीत हजारो व्होल्ट साचून राहू शकतात. चौरसाची लांबी आणि रुंदी मोजून मला कळव. माझा अजून उजवीकडे तीन मिलिमीटर जास्त येतो.

तुझा,
मित्र