गावी येण्यापूर्वी हे नीट वाच

देवगड तालुका,
१४ मे २०२०

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

कोरोनाच्या टाळेबंदीत गावी येऊ का, असं तू विचारलंस. ये. बाबा, आजी आणि मी, तिघांचंही तेच म्हणणं आहे. लालबागच्या एका खोलीत सहा जण, मजल्यावरचा संडास सगळ्यांचा एक, खानावळ बंद. तिथे स्वतःला जपायचं म्हटलं तरी कसं जपणार? मात्र यंदाचं येणं शिमग्या-गणपतीला येतोस तसं नाही. फोनवर बोलताना रेंज जाते आणि अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. या पत्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. ते फोनमध्ये जपून ठेव, वाटेत लागतील.

पहिली गोष्ट, चालत निघायचा विचार मनातही आणू नको. तुझ्या ओळखीतली मुलं रुळांवरून निघायचं बोलतात, हे मला कळलं आहे. प्रवासी गाड्या बंद असल्या तरी कोकण रेल्वेवर मालगाड्या चालू आहेत. एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात मध्येच गाडी आली तर माणूस सरकणार कुठे? ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. बाबांनी ती बातमी वाचल्यापासून रोज तुझी चौकशी चालवली आहे.

पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी, म्हणजे प्रवासाच्या परवानगीसाठी, अर्ज कर. त्याआधी नोंदणीकृत डॉक्टरकडून सर्दी-ताप-खोकला नसल्याचा दाखला घे. तो नसला की अर्ज परत येतो. गाडीचा नंबर आरसी बुकावर आहे तसाच भर, एक अक्षर चुकलं तरी नाक्यावर अडवतात. गाडी परत मुंबईला जाणार असेल तर परतीचा प्रवासही त्याच अर्जात दाखव, नाहीतर बिचारा चालक इथे अडकून पडेल. अर्ज केल्यावर मिळालेला टोकन नंबर वहीत उतरवून ठेव. पासाची छापील प्रत मिळाली तर उत्तम, कारण फोनची बॅटरी नेमकी नाक्यावर संपते. सध्या चारचाकीत चालक आणि आणखी दोघंच, एवढीच परवानगी आहे. पैसे वाचवायला पाच जण कोंबून कोणी आणत असेल तर त्या गाडीत बसू नको. पकडले गेल्याचा त्रास होईल तो वेगळाच, पण दहा-बारा तास बंद गाडीत पाच जणांचा श्वास एकमेकांना लागणार, ही खरी भीती आहे. काचा उघड्या ठेवा, एसी नको, मास्क नाकावरून खाली नको.

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. कशेडी घाटातल्या आणि खारेपाटणच्या नाक्यावर कपाळासमोर यंत्र धरून ताप बघतात. तो उतरलेला दिसावा म्हणून काही जण घाटाच्या आधी क्रोसिन घेतात. बाळा, असं करू नको आणि सोबतच्यालाही करू देऊ नको. त्यातल्या पॅरासिटामॉलने ताप चार-सहा तास दबतो, आजार तिथेच असतो. माणूस नाका ओलांडतो, वाडीत येतो आणि रात्री पुन्हा ताप चढतो. तोवर त्याने किती जणांना गाठलेलं असतं! निघायच्या आदल्या दिवशी अंग कोमट वाटलं, घसा दुखला, वास किंवा चव येईनाशी झाली, तर प्रवास रद्द कर आणि तिथल्याच पालिकेच्या दवाखान्यात दाखव. पास वाया गेला तर दुसरा काढता येतो.

वाटेत खायला कोरडं घे. चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी संध्याकाळपर्यंत टिकते. ओल्या नारळाचं काही घेऊ नको, या उकाड्यात दुपारच्या आत आंबतं. पाणी माणशी तीन लिटर तरी हवं, कारण महामार्गावरची हॉटेलं बंद आहेत. हात धुवायला साधी साबणाची वडी आणि वेगळी बाटली ठेव. या विषाणूवर तेलकट आवरण असतं, ते साबणाने फुटतं, म्हणून वीस सेकंद फेस करून धुतलेले हात सॅनिटायझरपेक्षा कमी स्वच्छ नसतात. सॅनिटायझर घेतलास तर त्यात अल्कोहोल साठ टक्क्यांच्या वर आहे का ते बाटलीवर वाच, आणि ती बाटली उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नको. पहाटे निघा, म्हणजे परशुराम घाट उजेडात होईल आणि नांदगाव तिठ्यावर दिवस मावळायच्या आत पोचाल.

गावात आल्यावर घरी यायचं नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण आजी अठ्ठ्याहत्तरची आहे, तिला साखर आहे आणि ती तुला जवळ घेतल्याशिवाय राहणार नाही. म्हणून तुझी चौदा दिवसांची सोय आंब्याच्या कलमांतल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, केली आहे. ग्राम कृती दलाने ठरवलं आहे की ज्यांच्याकडे स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र संडास आहे त्यांनी तिथे राहावं, बाकीच्यांनी शाळेत. आधी आरोग्य केंद्रात तपासणी आणि हातावर विलगीकरणाचा शिक्का होईल, मग वाडीतून न येता पाणंदीने थेट मांगराकडे ये. तुझं नाव आणि गाडीचा नंबर सरपंचांना आणि पोलीसपाटलांना मी कळवून ठेवते. वाटेत कोणी काही बोललं तर उलट बोलू नको. आशा सेविका म्हणून मी रोज घरोघर फिरते, लोक किती धास्तावले आहेत ते बघते आहे. जिल्ह्यातली इस्पितळं किती आणि खाटा किती, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मात्र कोणी तुझ्या अंगावर औषधाचा फवारा मारायला आला तर ठाम नाही म्हण. माणसांवर तो मारू नये असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच कळवलं आहे. त्याने डोळे आणि घसा जळतो, आणि शरीराच्या आतल्या विषाणूला काही होत नाही.

चौदा दिवस कशासाठी, ते नीट समजून घे, म्हणजे पाचव्या दिवशी "मला तर काहीच नाही" असं वाटणार नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात, बऱ्याच जणांना पाचेक. आणि लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून तो माणूस दुसऱ्याला लागण करू शकतो. म्हणूनच पहिल्या दिवशीची तपासणी चांगली आली तरी मोकळं सोडत नाहीत.

मांगराच्या दोन्ही खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेव, मच्छरदाणी लावली आहे. जेवण बाबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवतील, हाक मारतील आणि मागे सरतील. ते लांब गेल्यावर तू घे. ताट, तांब्या, पेला तुझाच, तूच धुवायचा, राख नको, साबणच वापर. उरलेलं अन्न परत पाठवू नको, हवं तेवढंच सांग. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री भाकरी. फणस उतरवला आहे, गरे पाठवीन. कपडे गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजव आणि कडक उन्हात वाळत घाल. मास्क तीन पदरी सुती, पाच शिवून ठेवले आहेत. नाड्यांना धरून काढ, समोरच्या भागाला हात लावू नको, रोजचा रोज धू. बाबा गडग्याशी उभे राहून बोलतील तेव्हाही तो तोंडावर हवा.

संडासासाठी ब्लिचिंग पावडरच्या तीस-तीस ग्रॅमच्या पुड्या तोलून ठेवल्या आहेत. एक पुडी एक लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्याच बादलीत. पत्रा किंवा लोखंड त्याने गंजतं. लादी आणि कडीवर घालून दहा मिनिटं ठेव, मग पाणी ओत. रोज ताजं कर, कालच्या पाण्यात जोर उरत नाही. त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नको. त्या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो आणि लहान संडासात दार लावून ते केलं तर माणूस गुदमरतो. म्हणून मी तिथली अ‍ॅसिडची बाटली काढूनच टाकली आहे.

ताप सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिही. गरम पेज प्यायल्यावर लगेच थर्मामीटर तोंडात घातलास तर आकडा चुकतो, अर्धा तास जाऊ दे. १००.४च्या वर गेला की लगेच फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. श्वासही मोज. पडल्या पडल्या, मिनिटभर छाती किती वेळा वर येते ते बघ. बारा ते वीस ठीक. चोवीसच्या वर गेला किंवा दोन वाक्यं बोलताना दम लागला तर मी थेट १०८ला फोन लावणार.

मांगरात बरेच दिवस कोणी राहिलेलं नाही. बाबांनी गवताच्या पेंढ्या बाहेर काढल्या आहेत आणि भिंतीच्या फटी बुजवल्या आहेत, तरी विंचवाचा नेम नाही. चप्पल झटकून घाल, अंथरूण झटकून पसर, भिंतीला टेकून झोपू नको. चावला आणि अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तर "आपण विलगीकरणात आहोत, कसं सांगू" असा विचार करत बसू नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन गोळीचा उपचार दाखवून दिला, तेव्हापासून विंचूदंशाने माणसं पूर्वीसारखी मरत नाहीत. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळेत मिळायला हवी. आधी हाक मार, नियम नंतर.

पैशांचं थोडक्यात. खोलीचं भाडं तीन महिने पुढे ढकलावं आणि कोणाला बाहेर काढू नये, अशी सूचना गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना केली आहे. ती माफी नव्हे, पुढे द्यावं लागणारच, म्हणून मालकांशी गोडीने बोलूनच निघ. गाडीच्या हप्त्याला मेअखेरपर्यंत सवलत आहे, पण त्या महिन्यांचं व्याज चढतं. अर्ध्या पगारातून जमत असेल तर भरून टाक. पीएफला तूर्त हात लावू नको. धान्याची काळजी नाही. आपल्या केशरी कार्डावर माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळतो आहे, आणि तुझं नाव अजून इथल्याच कार्डावर आहे.

सोमवारपर्यंत निघालास तर चौदा दिवस मिरगाच्या आधी पुरे होतील आणि पेरणीला बाबांना तुझा हात मिळेल. ते स्वतःहून म्हणणार नाहीत, पण कलमांची पाडणी, आंब्याच्या पेट्या भरणं आणि त्यांवर मुंबईच्या सोसायट्यांची नावं लिहिणं, सगळं एकट्याने करून ते थकले आहेत.

निघताना खोलीतला गॅस बंद कर, मेन स्विच पाड, आणि जे मागे राहतात त्यांच्याकडे आपल्या घरचा नंबर देऊन ठेव. आजीच्या साखरेच्या गोळ्या देवगडात मिळत नाहीत. चिठ्ठीचा फोटो सोबत पाठवते आहे, दोन महिन्यांच्या घे, पाकिटावरची तारीख बघून. कशेडी ओलांडलीस की एक मिस्ड कॉल, खारेपाटणला दुसरा.

तुझी,
आई